बत्तीस इंची नळी

आमच्या घरात बंदूक होती म्हटलं की लोक आजही खुर्ची जरा मागं सरकवतात. खरं सांगायचं तर त्या बंदुकीनं घरात एकच दहशत घातली होती, ती म्हणजे तिच्यापायी कपाटाचं दार लागायचं नाही. दुनळी बंदूक, तिची नळी बत्तीस इंच, मागं खांद्याला टेकवायचा लाकडी दस्ता, म्हणजे कुंदा, वेगळा. उभी ठेवली की माझ्या नाकापर्यंत यायची. सुटी करून ठेवता आली असती, पण रोज सोडली अन् रोज जोडली की सांधा ढिला होतो असं बाबांचं म्हणणं. शेवटी त्यांनी कपाटाच्या वरच्या फळीला वाटीएवढं भोक पाडलं, नळीचं टोक त्यातून बाहेर काढलं अन् मग कुठं दाराला कुलूप बसलं. पाहुणे आले की आधी त्यांची नजर त्या टोकावर जायची. आईला ते आवडायचं नाही, म्हणून तिनं त्यावर स्टीलचा पेला पालथा घातला होता. पेल्यावर आजोबांचं नाव कोरलेलं होतं, त्यामुळं बंदूक आजोबांचीच असा रायपूरच्या आमच्या बूढ़ापाऱ्यातल्या अर्ध्या गल्लीचा समज होता.

ती आजोबांची नव्हती. बाबांनी भंडाऱ्याकडच्या एका जुन्या मालगुजाराच्या, म्हणजे जमीनदाराच्या, घरून रीतसर कागद करून घेतली होती. मालगुजार तळ्यावरची बदकं मारायचे. उडत्या बदकामागं बंदूक शांतपणे फिरवता यावी म्हणून अशी लांब नळी घेत. बाबा रायपुरात आले तेव्हा समता कॉलोनीतल्या एका बँकेच्या दाराशी गनमनची जागा होती, अन् अट एकच, बंदूक स्वतःची पाहिजे. बदकांच्या बंदुकीला अशी बँकेत नोकरी लागली, अन् तिच्यामागून बाबांना. हे मी गंमत म्हणून सांगत नाही. त्या धंद्यात नोकरी बंदुकीचीच असते, माणूस तिच्यासोबत येतो.

दर रविवारी सकाळी बाबा ओसरीत सतरंजी टाकून बंदूक साफ करायला बसत. गजाला चिंदी गुंडाळून नळीतून ओढली की खर्र असा आवाज यायचा, अन् आतून आईच्या तव्यावर चिल्याचं पीठ पडल्याचा आवाज. रविवारी चिला, म्हणजे तांदळाचं धिरडं, टमाट्याची चटणी, अन् कोथिंबीर स्वस्त असली तर सांबारवडी. बंदुकीच्या तेलाचा वास अन् फोडणीचा वास मिसळूनच माझ्या नाकात बसले आहेत. आता या वयातही कुठं मशीनच्या तेलाचा वास आला की मला भूक लागते. डॉक्टरला सांगितलं तर तो हसला. हसू दे.

मग नवं राज्य झालं अन् रायपूर राजधानी झालं. काल चौकात पान खाणारा माणूस आज एकदम कोणीतरी झाला. जुन्या दवाखान्याच्या इमारतीत मंत्रालय भरलं, रस्त्यावर लाल दिवे फिरायला लागले, अन् ज्याच्यामागं बंदूकवाला नाही तो माणूसच नाही असा काळ आला. पण हे नवे बंदूकवाले आखूड बंदुका घेऊन यायचे. झटकन गाडीतून उतरायचे, झटकन चढायचे. आमचे बाबा एकदा मॅनेजर साहेबांसोबत रोकड घेऊन गाडीत बसले तेव्हा नळी खिडकीतून बाहेर काढावी लागली, अन् चौकातल्या शिपायाला वाटलं की बांबू घेऊन चालले. त्या दिवसापासून बँकेतली पोरं म्हणायला लागली, "अंकल, इसको थोड़ा कटवा लो. राजधानी है अब." बाबा नुसते "हव" म्हणत अन् दुसऱ्या दिवशी तीच लांब बंदूक घेऊन उभे राहत.

बंदुकीआधी बाबांचा डोळाच गेला. उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला, पण नजर काही परत आली नाही. बँकेला गनमन पुरवणाऱ्या एजन्सीच्या सुपरवायझरनं सभ्यपणे सांगितलं की बंदूक चांगली आहे, तुम्ही आता थांबा, घरातलं कोणी असेल तर पाठवा, नाहीतर जागा दुसऱ्याला देऊ. घरातलं कोणी म्हणजे मी. ताईचं लग्न होऊन ती दुर्गला गेली होती, भाऊ नव्हताच. मी बी.ए. होऊन घरी बसले होते, उंची पाच फूट, तीही चप्पल घालून. कॉलेजात एन.सी.सी. केली होती, तेवढ्याच भांडवलावर बाबांनी माझं नाव दिलं. आईनं पोळपाट आपटला.

"पोट्टीनं बंदूक घेऊन दारात उभं राहाचं? अन् मंग तिले कोण करीन?"

"बंदूक पाहून पळून जाणारा जवाई कायले पाहिजे तुले?" बाबा म्हणाले.

आईनं दोन दिवस बाबांचं ताट माझ्याच हातून पाठवलं. मला मात्र हरखून गेल्यासारखं झालं होतं. लग्नाच्या बाजारात मला कोणी विचारत नव्हतं, अन् इथं एक बँक माझी वाट पाहत होती. ती नोकरी मला हवी होती, इतकी की मी रात्री उशीखाली नियुक्तीपत्राची नुसती कल्पना घेऊन झोपायची. आणि घरात दुसरी कमाई नव्हती, हेही होतंच.

परवान्यात माझं नाव जोडून झालं. मग महिनाभर बाबांनी मला शिकवलं. रिकामी बंदूक, रिकामी खोली, भिंतीवर चुन्याचा ठिपका. बंदूक खांद्याला लाव, गाल टेक, ठिपक्यावर शिस्त घे, म्हणजे नेम धर. खांद्याला लावली की कुंदा काखेत माझ्या ओढणीला अडकायचा. ओढणी सोडवली की तो खांद्यावरून घसरून दंडावर यायचा. तोल सांभाळायला मी मागं झुकायची अन् पुढं ती बत्तीस इंची नळी हळूहळू खाली जायची. "नळी वर! नळी वर!" बाबा ओरडत. एका डोळ्यानं ते ठिपका पाहत अन् एका डोळ्यानं काहीच नाही, पण ओरडायचे दोन्ही डोळ्यांचं. मी रडकुंडीला यायची. सगळा दोष त्या नळीचा, हे मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. म्हणजे कळल्यासारखं वाटलं होतं.

नोकरीआधीची नेमबाजीची चाचणी शहराबाहेरच्या एका मैदानात होती. पस्तीस पावलांवर पाटी, पाटीवर गोल, अन् त्या गोलात निम्मे छर्रे तरी बसले पाहिजेत. चाचणी घ्यायला एक जुने हवालदार होते, पोट सुटलेले, आवाज मऊ, बोलणं अस्सल छत्तीसगढी. माझ्या पहिल्या बारानं पाटीपुढची माती उडाली. दुसऱ्यात कुंदा दंडावर असा बसला की हात बधिर झाला, अन् नळी आकाशात गेली. रांगेत उभे असलेले बापे हसले. हवालदारांनी हातातला पेन्सिलीचा तुकडा कानावर खोचला अन् म्हणाले, "नोनी, तैं बंदूक नइ चलावत हस. बंदूक ह तोला चलावत हे." मी बंदूक चालवत नाही, बंदूकच मला चालवते म्हणे. मग त्यांना काय वाटलं कोण जाणे, कागदावर नापास न लिहिता म्हणाले, पुढच्या शनिवारी एकदा ये, पण शेवटचं.

घरी आले तेव्हा दंड वांग्याच्या रंगाचा झाला होता. आई हळद गरम करून लावत होती अन् बाबांना ऐकू जाईल अशा आवाजात देवाला प्रश्न विचारत होती. बाबा बंदूक पुसत बसले. बोलला तो दिगंबर मामा. आईचा धाकटा भाऊ, बीरगांवला राहायचा, उरला वसाहतीतल्या एका कारखान्यात लेथवर होता. मामा स्वभावानं लाखात एक, फक्त एक खोड, कुठलीही अडचण लेथवर चढवली की सुटते असं त्याला वाटायचं. बाबा तोंड धुवायला मागं गेले तेव्हा तो माझ्या कानाशी आला.

"शालू, तुह्यात काही खोट नाई. नळीच लांब हाय. दहा इंच कमी केली का पाखरावानी होते. आजकाल सगळे छोटीच वापरून राहिले ना बे. कारखान्यापाशी माह्या ओळखीचा लेथ हाय, बुधवारी चाल."

"अन् बाबा?"

"भाऊजीले आता तसंही दिसत नाई."

हे वाक्य त्यानं वाईट मनानं म्हटलं नाही. अन् मी त्याच्यावर चिडले नाही, ही गोष्ट मात्र आज लिहिताना माझी मलाच टोचते. मी म्हटलं, हो, बुधवारी.

बुधवारी बाबा डोळ्याच्या डॉक्टरकडं गेले. मी कपाट उघडलं, पेला काढला, सांधा दाबून नळी सुटी केली, कुंदा तसाच आत ठेवला. नळीच कापायची तर कुंदा कशाला न्यायचा, इतकी अक्कल मला होती. नळी सतरंजीत गुंडाळून मामाच्या स्कूटरवर मागं आडवी धरून बसले. एका सायकलवाल्याला तिचं टोक लागलं, तो "ए दीदी, गलीचा संभाल" म्हणून पुढं गेला. बीरगांवपर्यंत मामा मला सांगत होता की बँकेत मी कशी झटकन वळेन अन् चोर कसा जागीच हात वर करेल. मला ते सगळं दिसत होतं. त्या चित्रात माझी उंचीही थोडी वाढली होती.

लेथच्या शेडमध्ये लोखंडाचा कीस पायाखाली करकरत होता. मामानं खडूनं नळीवर खूण केली, मग मागं सरून पाहिलं, मग आणखी दोन बोटं मागं दुसरी खूण केली. पहिलीच बरी की दुसरी, यावर तो अन् लेथवाला वाद घालत होते, अन् त्या वादानं मला वाचवलं. शेडच्या दारात सायकल टेकवल्याचा आवाज झाला. बाबा. त्या उन्हात, एका डोळ्यानं, बूढ़ापाऱ्यातून बीरगांवपर्यंत सायकल हाकत आले होते. हँडलला भाजीची पिशवी, अन् पिशवीतून बाहेर आलेला बंदुकीचा कुंदा. मामाचा बेत आईच्या कानावर गेला होता, अन् तिला तो पोटात ठेवता न येऊन तिनं सांगून टाकलं होतं.

मामानं खडू मागं लपवला. खडू लपवून काय उपयोग होता देव जाणे, दोन्ही खुणा पांढऱ्याफट दिसत होत्या.

मला वाटलं, आता बाबा ओरडतील. त्यांनी पाणी मागितलं, प्यायलं, मिशा पुसल्या. मग नळीच्या त्या खुणांवरून अंगठा फिरवला. "दिगंबर, किती कापून राहिला?"

"भाऊजी, दहाच इंच..."

"परवान्यात लांबी लिहिली हाय. शनिवारी हवालदार टेप लावीन. कमी भरली का बंदूक जप्त, परवाना जप्त, मी आत, अन् माह्यासोबत तू. ते जाऊ दे. कापून होईन काय ते सांग."

"हलकी होईन. लवकर फिरीन."

"होईन ना. फिरीन लवकर अन् भटकीन बी लवकर. पुढं वजन असलं का बंदूक नाचत नाई. बारूद तं पहिल्या हातभर नळीतच जळते. पुढची नळी नजरेले हाय. टोकावरचा हा मणी, ही मक्खी, जितकी दूर तितकी शिस्त खरी. अन् कापली तं आवाज? सगळा हिच्या कानात." मग त्यांनी नळीचं तोंड मामासमोर धरलं. "अन् इथं तोंडाशी नळी आतून थोडी आवळली हाय. बाहेरून दिसत नाई. छर्रे तिथं गोळा होऊन निघते. तू तेच कापशीन, मंग पाटीवर छर्रे नाई, पोहे सांडल्यावानी दिसतीन."

मामा खाली पाहत होता. मी मात्र भडकले. महिनाभराचं सगळं पोटातलं वर आलं. मी म्हटलं, "तुम्हाले नळीचीच पडली हाय! माह्या हातात ती राहत नाई, मी काय करू? सहा फुटाचं माणूस असतं तर राहिली असती. नाई मी सहा फुटाची!"

बाबा माझ्याकडं बघत राहिले. म्हणजे चेहरा माझ्याकडं करून राहिले, किती दिसत होतं कोण जाणे. मग पिशवीतून कुंदा काढला, माझा उजवा हात कोपरात वाकवला अन् कुंद्याची मागची बाजू कोपराच्या खळीत टेकवली. "बोट ने चापावर."

मी बोट लांब केलं. चाप दोन बोटं पुढंच राहिला. मी खांदा ताणला, तरी राहिला.

बाबांनी माझं ते न पोचलेलं बोट आपल्या बोटांनी चाचपून पाहिलं. एकदा, मग परत एकदा. "अरे बापरे," ते अगदी हळू म्हणाले. "नळी समोर असते म्हणून सगळे तिलेच दोष देते. हे मागचं कोणी पाहेच नाई. मी बी नाई पाहिलं. महिनाभर पोट्टीवर खेकसून राहिलो."

मामाचा चेहरा एकदम खुलला. "मंग कुंदा कापू ना भाऊजी! लाकूड तं लाकूड हाय. त्याची लांबी थोडीच लिहिली हाय परवान्यात!"

बाबांनी कुंद्यावरून एकदा तळवा फिरवला. लेथवाल्यानं विचारलं, "करना है कि नहीं, भैया?" बाबांनी नळी सतरंजीत गुंडाळली. "लेथचं काम नाई हे," ते म्हणाले, अन् सायकलकडं गेले. मला तेव्हा फक्त सुटल्यासारखं वाटलं. काय कापलं जाणार आहे, हे माझ्या डोक्यात शिरलं नव्हतं.

कुंदा त्यांनी घरीच कापला, गुरुवारी, ओसरीत, बारीक दातांच्या करवतीनं. माझ्या कोपरावरून तीनदा माप घेतलं. त्यांना बारीक दिसत नव्हतं म्हणून रेघ मी ओढली. अक्रोडाचं जुनं लाकूड, आतून अजून लालसर. भुसा आईनं झाडून नेला, पण जाता जाता विचारलंच, "परत जोडता येते का हो?"

"जोडता येते. मारता येत नाई. पहिल्याच बारात निघीन."

आई भुसा घेऊन आत गेली. संध्याकाळी तिनं तांदळाच्या मुठिया केल्या, सगळ्यांना आवडतात म्हणून, अन् कोणी धड खाल्ल्या नाहीत.

शनिवारी बंदूक माझ्या खांद्याला लागली अन् तिथंच राहिली. मला अजून नवल वाटतं. नळी तीच, वजन तेच, अन् एवढा महिना जी माझ्याशी भांडत होती ती अशी शांत बसली की मीच घाबरले. पुढचं वजन आता खाली ओढत नव्हतं, धरून ठेवत होतं. पहिला बार गोलाच्या कडेला, दुसरा मधोमध. रांगेतले बापे यावेळी हसले नाहीत, त्यांनी बिड्या पेटवल्या. हवालदारांनी खरंच टेप लावला. बत्तीस. परवान्यात बत्तीस. "नाल बने लंबा हे," ते समाधानानं म्हणाले, "तेखरे सेती निसाना बइठिस." लांब नळीमुळंच नेम बसला म्हणे. कुंद्याकडं त्यांनी पाहिलंही नाही.

बँकेत उलटं झालं. मॅनेजर साहेबांनी मला बंदुकीसकट वरपासून खालपर्यंत न्याहाळलं अन् खूश होऊन म्हणाले, "छोटी करवा ली न नली? अब कितनी अच्छी लग रही है!" मी म्हटलं, "हव सर." नोकरीच्या पहिल्या तासात वाद घालायची माझी छाती नव्हती. मामानं तर पुढं कित्येक वर्षं सगळ्या लग्नकार्यांत सांगितलं की नळी त्यानंच लेथवर चढवून इतकी बेताची करून दिली. मी त्या दाराशी जवळजवळ वीस वर्षं उभी राहिले. त्यात एकही गोळी झाडली नाही. एकदा एका कुत्र्याला हाकललं, तेही हातानं. नळी लांब की आखूड यावर त्या दाराशी ज्या चर्चा झाल्या, तेवढ्या कर्जावरही झाल्या नसतील.

पण त्या पहिल्या दिवसाची सकाळ राहिली सांगायची, अन् ती मी सारखी पुढं ढकलते आहे हे मला कळतं आहे. मी युनिफॉर्म घालून तयार होते, खाकी शर्ट आईनं दोन्ही बाजूंनी आत घेतला होता. बाबांनी कपाट उघडलं, बंदूक काढली, नळीत पाहिलं, चाप पाहिला. अन् मग, कामावर निघताना इतकी वर्षं करत आले तसं, त्यांनी ती उचलून एकदा खांद्याला लावली. कुंदा त्यांच्या खांद्यापाशी लवकर पोचला, कोपर वेडंवाकडं दुमडलं, अन् त्यांचा स्वतःचाच अंगठा नाकावर आदळला. त्यांनी बंदूक खाली घेतली. परत एकदा लावून पाहिली. परत तेच. आई चुलीकडं तोंड करून उभी होती.

"बरोबर हाय," बाबा म्हणाले. "तुह्या मापाची झाली." अन् बंदूक माझ्या हातात दिली.

मी त्यांच्या पाया पडले. मला रडू येत होतं, पण गनमन रडत नाही असं मी ठरवलं होतं, तेवढंच मला त्या नोकरीबद्दल माहीत होतं. गल्लीच्या वळणावर मी मागं पाहिलं. बाबा दारात सरळ उभे होते, ड्युटीवर असल्यासारखे, अन् दोन्ही हात कुठं ठेवावे ते त्यांना कळत नव्हतं.